टोमॅटोच्या सहाव्या पानाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी पहिल्या नंबरचा भोचक आहे. त्यात माझा काही दोष नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या पोटात काय दडलंय हेच पाहायला बसवलंय, तो भोचक होणार नाही तर काय होणार?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भिंगं घासणारे एक आजोबा होते. ते भिंग उजेडाकडे धरायचे, मान हलवायचे आणि पुन्हा घासायला घ्यायचे. माझं एक भिंग त्यांनी नऊ वेळा परत घेतलं. मला तेव्हा त्यांचा भारी राग यायचा. एवढं काय त्यात, असं वाटायचं. पण त्या भिंगातून पहिल्यांदा पाण्याचा थेंब पाहिला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या एवढ्याशा थेंबात केवढी धावपळ चालली होती!

तिथून मी एका संशोधन संस्थेत आलो. झाडांच्या रोगांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. पुढे माझ्या डोक्यावर कॅमेरा बसवला, म्हणजे मला दिसेल ते संगणकावर दिसू लागलं. तो बसवताना कारागिराचा स्क्रूड्रायव्हर सटकला आणि आतल्या काचेवर केसाएवढा ओरखडा पडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ येते. "काही बिघडत नाही," असं म्हणून तो चहा प्यायला गेला.

मग माझ्या आयुष्यात ताई आली. विभागातले सगळेच तिला ताई म्हणायचे. ती माझ्याइतकीच भोचक होती. डोळा लावला की स्वतःशीच बोलायची, "अगं बाई, हे काय नवीन?" तिची नेमणूक वर्षावर्षाच्या कराराची होती आणि कायम जागेची मुलाखत जवळ येत चालली होती. चांगल्या शोधपत्रिकेत एखादा निबंध आला असता तर ती जागा तिलाच मिळाली असती, हे सगळे जाणून होते.

टोमॅटोच्या पानांवर करपा पडतो ना, त्याच्यावर ताईनं एका रानझुडपाचा अर्क शोधला होता. सहा पानांवर तिनं अर्क फवारला, सहा तशीच ठेवली आणि बाराही पानांना बुरशी लावली. मग एकेका पानाचा तुकडा काचपट्टीवर घेऊन ती माझ्याखाली ठेवू लागली; उरलेलं पान ती औषधाच्या बाटलीत जपून ठेवायची. न फवारलेल्या पानांत बुरशीच्या धाग्यांचं रान माजलं होतं. फवारलेली पाच पानं मात्र स्वच्छ होती. सहाव्या पानाच्या काचपट्टीवर धागे उठून दिसावेत म्हणून थेंबभर घालायचा रंग सांडला आणि फोटो नुसता काळा आला.

निबंध दुसऱ्या दिवशी सकाळीच पाठवायचा होता, नवी काचपट्टी करत बसायला वेळ नव्हता. ताईनं पाचव्या पानाचा फोटो घेतला, आरशात दिसावा तसा उलटा केला आणि सहाव्याच्या जागी चिकटवला. "सहावंही असंच असणार की," ती पुटपुटली. मला काही ते पटलं नाही. सहावं पान मी पाहिलंच नव्हतं, मग माझ्या नावावर ते का खपवायचं?

मित्रांनो, शोधपत्रिकेत निबंध थेट छापत नाहीत. संपादक तो आधी त्याच विषयातल्या दोघातिघांना वाचायला देतात; ताईनं निवडलेली पत्रिका तर तोवर तो 'तपासणी चालू' असं लिहून संकेतस्थळावर सगळ्यांना खुला ठेवायची. निबंध कोणी वाचला ते लिहिणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे वाचणाऱ्यालाही मनातलं मोकळेपणानं सांगता येतं. त्यांतला कोणीतरी माझ्यासारखाच चौकस निघाला. महिन्याभरानं संपादकबाईंचं पत्र आलं. ताईनं ते माझ्या शेजारी बसूनच सरांना वाचून दाखवलं.

"अकरा फोटोंत बारीक रेघ डावीकडे आहे. एका फोटोत ती उजवीकडे आहे. कृपया या बाराही फोटोंच्या मूळ फायली पाठवाव्यात आणि हे कसं झालं ते कळवावं."

एवढंच. आरोप नाही, दरडावणं नाही, साधा प्रश्न. पण ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं सरांना सगळं खरं सांगितलं. सर विभागाचे प्रमुख, माणूस मनानं चांगला, पण त्या दिवशी घाबरला.

"संगणक बिघडला, फायली गेल्या, असं कळवून टाक," ते म्हणाले. "तीन आठवड्यांवर मुलाखत आलीये. आता कशाला उगाच हात पोळून घेतेस?"

"आणि सर, सहावं पान?"

"त्याचं काय आता!"

सर गेले. ताई कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात विभागाची साफसफाई करणारे काका कपाट आवरता आवरता म्हणाले, "ताई, या पानांच्या बाटल्या टाकून देऊ का? सहा नंबरची तर कोणी उघडलेलीच दिसत नाही नंतर."

खरं सांगतो, माझा जीव वरखाली झाला. एक 'हो' म्हटलं असतं, तर पान कचऱ्यात गेलं असतं आणि विषय संपला असता. ताई खुर्चीवरून उठली.

"थांबा काका. द्या ती इकडे."

तिनं औषधात जपलेलं ते पान बाहेर काढलं, नवी काचपट्टी केली आणि माझ्याखाली ठेवली. आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. सहाव्या पानात बुरशीचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले होते. त्या पानावर अर्काचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

"अगं बाई," ताई म्हणाली. मग ती रडली.

काकांनी गुपचूप पाण्याचा ग्लास आणून ठेवला. ताईनं डोळे पुसले आणि तिथेच बसून पत्र लिहिलं. "फोटो मीच उलटा करून लावला, सहावं पान मी तेव्हा पाहिलंच नव्हतं, आज पाहिलं, त्यात रोग आहे, माझा निबंध मी मागे घेते." पत्र वाचून सर चिडले. "स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास!" पण जरा वेळानं ते परत आले आणि खुर्ची ओढून बसले. "माझंही नाव आहे त्या निबंधावर. मूळ फोटो दाखव, असं मी तुला एकदाही म्हटलं नाही. माझीही सही घे."

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. ताईचा करारही पुढे वाढला नाही. तिनं जाताना माझ्यावर आच्छादन घातलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढे नवं यंत्र आलं आणि मी दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडलो. मला विचारणारं कुणी राहिलं नाही. आणि एक दिवस एका शाळेनं जुना सूक्ष्मदर्शक मागितला. खोकं उघडलं, तर समोर विज्ञानाच्या बाई म्हणून उभी कोण? आमची ताई!

परवा ताईच्या वर्गात कांद्याचा पापुद्रा पाहायचा तास होता. अठ्ठावीस मुलं रांगेत उभी होती. दिसेल ते वहीत काढायचं होतं. सातव्याचा कोपर लागला, काचपट्टी सरकली आणि पापुद्रा माझ्यासमोरून निघून गेला. राहिली नुसती कोरी काच. पण गंमत बघा! पुढची मुलं येत होती, डोळा लावत होती, "हो हो, दिसलं" म्हणत होती आणि जागेवर जाऊन पुस्तकातल्यासारख्या सुबक पेशी काढत होती.

शेवटी एक लांब वेणीची मुलगी आली. तिनं एक डोळा लावला, मग दुसरा. "बाई, मला काहीच दिसत नाहीये."

वर्ग फिदीफिदी हसला. "चष्मा लाव गं!" कोणीतरी ओरडलं.

"मग वहीत तसंच लिही," ताई म्हणाली आणि स्वतः वाकून बघितलं. बघितलं आणि ती शेजारच्या स्टुलावर बसलीच. समोर वीस वह्यांमध्ये वीस सुंदर चित्रं होती. ती रागावली नाही. तिनं मुलांना सहाव्या पानाची सगळी गोष्ट सांगितली, स्वतःच्या तोंडानं, काहीही न लपवता. मग एकेक खोडरबर बाहेर येऊ लागला.

"खोडू नका," ताई म्हणाली. "माझा निबंधही त्यांनी फाडून टाकला नाही. तो आजही पत्रिकेच्या संकेतस्थळावर आहे. त्याच्या प्रत्येक पानावर लिहिलंय, मागे घेतला. म्हणजे पुढे वाचणारा फसत नाही. तुम्हीही चित्राखाली लिहा, हे मी पाहिलेलं नाही. आणि मग या परत रांगेत."

विसाही जणांनी लिहिलं, ताईनं काचपट्टी पुन्हा नीट बसवली. रांग पुन्हा लागली, या वेळी जरा हळू सरकणारी.

मित्रांनो, माझ्या भिंगाला बोटं लावू नका, काम झालं की मला झाकून ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण डोळा लावून काही दिसलं नाही, तर तसं सांगायला लाजू नका. मी रागावणार नाही. उलट मलाच मग राहवत नाही, तिथे खरंच काय असेल बरं?