‘बसलं’ म्हणणारा हात

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. अंगाने भारी आणि स्वभावाने जरा चिडका. मला दाबलं की कडी ‘टक्’ करून बसते. किल्ली लागते ती फक्त उघडायला.

माझी उमेदीची वर्षं रंगाच्या कारखान्यात गेली. तिथले स्टोअरकीपर रोज संध्याकाळी कोठाराच्या दाराला मला लावत, तीनदा खाली ओढत आणि स्वतःशीच म्हणत, “बसलं.” मग मागे वळूनही न बघता घरी जात. त्यांच्या चोख कामाचं सगळे कौतुक करत आणि मी उगाच फुशारून जात असे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आठवण म्हणून मलाच मागून घेतलं.

घरी ते आणि त्यांची लेक, दोघंच. संध्याकाळी मला दाराला लावून ती दोघं बागेत फिरायला जात. पुढे बाबा विसरू लागले. आधी नावं, मग वार. मग ते फाटकापासून परत येऊन मला ओढू लागले. तीनदा, पुन्हा तीनदा. फिरणं राहायचं बाजूलाच. माझी कडी दुखायची. मी मनातून वैतागायचो, आणि लेक उघड वैतागायची.

“बाबा, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“तुझ्यावर आहे गं. माझ्या हातावर नाही.”

तिने ते कानाआड केलं. तिने दाराला आपोआप लागणारं, आवाज न करणारं लॅच बसवून घेतलं आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. मला तर हायसंच वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज लाज वाटते. कारण ‘टक्’ बंद झालं आणि बाबा दिवसभर दार चाचपत राहिले, बोटांची सालं निघेपर्यंत.

डॉक्टरांनी काय सांगितलं, ते लेक आत्याला फोनवर सांगत होती. मेंदूच्या पुढच्या भागात शंका उठते. तिथून एक वाट खोल आत जाते आणि ‘झालं, आता पुढे चल’ असा निरोप घेऊन परत येते. बाबांच्या आजारात बहुधा ती वाटच झिजली आहे. “शंका उठते गं आत्या, पण तिला बसवणारं आत कोणी उरलं नाही. आणि मी त्यांना हट्टी म्हणत होते.”

फोन ठेवून तिने मला काढलं, तेल घातलं, पुन्हा दाराला लावलं. मला ड्रॉवरमध्ये टाकल्याला एव्हाना वर्ष उलटून गेलं होतं. बाबा बाहेर पायरीवर बसले होते. तिने मला दाबलं. ‘टक्.’ तीनदा ओढलं आणि म्हणाली, “बसलं, बाबा.”

बाबांनी वर पाहिलं. “कोण बसलं?” म्हणाले, आणि पायरीवर सरकून जागा करून दिली.

लेक त्यांच्या शेजारी बसली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा कडी ओढून बघत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्याचा शब्द त्याला आठवतोय तोवर, हवा तितक्या वेळा तुम्ही तो म्हणा. आम्ही दोघांनी तो काळ चिडण्यात घालवला.