जाकीर सरांची टीम

जाकीरला कोच केलं, हे मला अजून पचलेलं नाही. निकाल लागायच्या आधीच आमच्या बंकटनं चौसाळ्याच्या फाट्यावर फ्लेक्स लावला होता: ‘विद्यापीठाचे फुटबॉल कोच विजयसिंहभैय्या यांचे हार्दिक अभिनंदन’. निवड झाली जाकीरची. फ्लेक्स उतरवायला मलाच जावं लागलं, कारण बंकट फोन उचलेना.

काय कमी होतं माझ्यात? राज्यपातळीवर खेळलोय, वरून साहेबांचा फोनही गेला होता. मुलाखतीत कुलगुरूंनी विचारलं, "मॅच आणि परीक्षा एकाच दिवशी आली तर?" मी छातीठोक सांगितलं, "परीक्षा पुढं ढकलून आणतो. आपल्या ओळखी हायत."

जाकीरलाही तोच प्रश्न. फळगाडीवाल्या चाँदभाईंचा हा पोरगा शाळेत माझ्या पासवर गोल मारायचा. बाहेर येऊन म्हणाला, "मी सांगितलं, पोरी पेपरला जातील. उरलेल्यांना घेऊन खेळू." अरे, हरायला कोच ठेवतात का? पण विद्यापीठ पडलं पुस्तकी, त्यांना तेच गोड लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात माझी पोरगी प्रियदर्शनी त्याच टीमची गोलकीपर. घरात उठता-बसता ‘सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले’. जेवण कडू व्हायचं.

परवा मुलाखतीतल्या प्रश्नासारखंच झालं. बीडला मॅच, आणि त्याच दिवशी प्रियदर्शनीचा पेपर. जाकीरनं तिला खरंच वगळलं. मी सकाळीच बंकटला जीपमध्ये घातलं आणि जाकीरची फजिती बघायला बीड गाठलं. जाकीर मैदानावर ऐन वेळी धावतपळत आला. "हा म्हणे कोच!" मी बंकटला कोपर मारलं. पोरी चार गोलांनी हरल्या. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच म्हणालो, "हरले बघ तुझे सर!"

"माहीत हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "माझी एसटी चुकली पप्पा. जीप तुमी नेलती. किती फोन लावले, तुमी उचलले न्हाईत. मग सरांना लावला. त्यांनी मोटारसायकलवर नेऊन सोडलं, मग मॅचला गेले."

फोन गाडीतच राहिला होता. विचारलं, "पेपर कशाचा होता?"

"सरांना विचारा," ती म्हणाली. "त्यांना माहीत हाय."