ऊन दाखवलेली बाटली

बाटलीच्या तोंडावरचा कागद सोलतानाच पास्कलच्या बोटांना चिकट लागलं. बुचाच्या कडेने वाइन पाझरून वाळली होती. हे लक्षण बरं नव्हतं. समोर मुलगी, कॅरेन, बसली होती आणि परवा तिचं आयर्लंडचं विमान होतं.

"डॅडी, उघडा ना. जेवण थंड होतंय."

पाली गावात त्याला 'दारूवाला पास्कल' म्हणत. दिंडोरीकडच्या एका द्राक्षमळ्याच्या तळघरात त्याने बावीस वर्षं काढली; गावाला त्यातली दारू तेवढी कळली. तिथे शार्डोने व्हायची, पांढरी वाइन. द्राक्षं उन्हं वर यायच्या आत खुडायची, कारण ऊन लागलं की वास मेलाच. मग महिनोन् महिने लाकडी पिंपांतला गाळ लांब दांड्याने हलवत राहायचं. तळघरात दिवासुद्धा मिणमिणता. या राखणीत कॅरेनचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन हुकलं, दहावीचा निकाल हुकला. नाताळला घरी यायचा, तर पोर पाहुण्याला बिचकावं तशी बिचकायची.

आयर्लंडात नर्सची नोकरी लागल्याचं सांगताना ती सहज बोलून गेली होती, "लहानपणीचं मला फक्त मम्मीच आठवते. तुम्ही कुठे होतात डॅडी?" शब्द खरे होते, म्हणूनच ते पास्कलच्या जिव्हारी लागले.

मळा आता उरला नव्हता. मालक हरिश्चंद्रशेठ गेले आणि वारसांनी वेली उपटून बंगल्यांचे प्लॉट पाडले. जाण्याआधी शेठनी शेवटच्या पिंपातली एक बाटली पास्कलच्या हातात ठेवली होती. चार वर्षं त्याने ती खाटेखाली, ओल्या वाळूच्या पेटीत आडवी निजवून जपली. कॅरेनला एकदा चाखवायची, म्हणजे आपला बाप कशात अडकून पडला होता ते तिला कळेल. तोंडाने सांगणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

बूच निघालं. ग्लासात काळ्या चहाचा रंग उतरला. पास्कलने ग्लास नाकाशी नेला. शिळ्या सफरचंदाचा वास आला आणि पाठोपाठ शिरक्याचा आंबट भपका.

"आयरिन," त्याने बायकोला विचारलं, "ही पेटीतनं कोनी काढली व्हती का?"

"मीच की!" आयरिनचा चेहरा फुलला. "तू ऑपरेशनला भाईंदरला गेला व्हतास ना, तवा बगितलं तर लेबलाला ही बुरशी! मसाल्याच्या बाटल्या धुवून गच्चीवर ठेवल्या व्हत्या, त्यांच्यासंगती हिलाबी पंधरा दिस ऊन दाखवलं. मंग पुसून परत ठेवली. तुजी एवढी जपलेली वस्तू, वाया जाऊ दीन व्हय मी?"

मे महिन्यात पालीतली प्रत्येक बाई वर्षाच्या मसाल्याची बेगमी गच्चीवर तापवून बाटल्यांत भरून ठेवते. बाटलीतल्या मसाल्यावर करायची तीच माया आयरिनने या बाटलीवर केली होती. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

वाइन बिघडली म्हणावं, तर आयरिन ते मरेपर्यंत मनाला लावून घेणार, तेही पोरगी निघताना. गप्प बसावं, तर पोरीला वाटणार, बापाने आपल्याला सोडून बावीस वर्षं हेच केलं. इकडे आड, तिकडे विहीर. पास्कलने तिचा ग्लास भरला.

कॅरेनने घोट घेतला. क्षणभर तिचे ओठ आवळले गेले.

"हीच का ती, डॅडी?"

पास्कलने आयरिनकडे पाहिलं. ती दोघांकडे आशेने बघत होती.

"हीच," तो म्हणाला.

"छान आहे हं," कॅरेन म्हणाली. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांशी बोलायचा आवाज होता तो. मग तिने हळूच पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"न्हाय तर काय!" आयरिन म्हणाली आणि भाताचं पातेलं आणायला उठली.

पास्कलने आपला ग्लास संपवला. मग कॅरेनचा संपवला. उरलेली सगळी तोच प्याला, बायकोने जीभ लावू नये म्हणून. घशाखाली आग उतरत होती आणि त्याला रडू येत होतं, पण डोळ्यांतलं पाणी त्याने तिखटाच्या नावावर खपवलं.

जेवणं उरकली. कॅरेन बॅग भरायला आत गेली. आयरिनने बाटली साबणाने घासली, लेबल नखाने खरवडून काढलं.

"काच जाड हाय. मसाल्याला बरी पडंल," ती म्हणाली.

तिने ती गच्चीच्या कठड्यावर बाकीच्या बाटल्यांच्या ओळीत उपडी ठेवली. पास्कल जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिला. ऊन कडक होतं. संध्याकाळपर्यंत ती कोरडी झाली असती.