निळ्या खोपटीवरचा मोर

आश्विनातलं ते ऊन! केतकीवर्णी, मधुमंथर, पोफळींच्या शेंड्यांवरून ठिबकत ठिबकत खाली उतरणारं. खाडीकाठच्या त्या आगरात ते इतकं दाट साचायचं, की खारी त्यात पोटापर्यंत बुडून चालायच्या. खोटं वाटतंय? वाटू दे. पुढं याहून मोठं खोटं आहे, आणि ते सगळं खरं आहे.

आगराच्या टोकाला, विहिरीच्या अंगाला, एक लाकडी खोपटी होती. झारी, कोयती, सुंभ, बियाण्यांचे डबे पोटात घेऊन उभी. खाऱ्या वाऱ्यानं जर्जर, पर्जन्यधारांनी विदीर्ण, धूसरवर्णा. कधीकाळी ती निळी होती. कधीकाळी म्हणजे जनूभाऊंच्या मिशा काळ्या होत्या तेव्हा. नवपरिणीत इंदुमतीनं पदर खोचून, हनुवटीवर निळा ठिपका मिरवत, त्यांच्यासोबत ती रंगवली होती तेव्हा.

मग इंदुमतीच्या डोळ्यांत धुकं उतरलं. मोतीबिंदूचं मंदपावली, दुग्धधवल धुकं. आधी सुईचं नेढं गेलं, मग मोगऱ्याच्या कळ्या, मग जनूभाऊंचा चेहरा. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ती विषय बदलायची. तेव्हापासून रोज सायंकाळी पायरीवर बसून जनूभाऊ तिला बाग सांगायचे.

आणि काय सांगायचे! जास्वंद अशी पेटलीय, की शेजारचा काशिनाथ बादली घेऊन धावत आला. फणस इतके लागलेत, की झाडाला टेकायला स्टूल दिलंय. आणि खोपटी? खोपटी तशीच आहे, निळीशार, खंड्याच्या पंखासारखी. तिच्या आढ्यावर हल्ली एक मोर येऊन बसतो. त्याला वाटतं, ही आपली हरवलेली बहीण.

इंदुमती हसायची. त्या हसण्यासाठी मोर रोज यायचा.

आज ती परत येत होती. भावाकडे राहून, अखेर दोन्ही डोळ्यांतलं धुकं उतरवून, दिवेलागणीच्या आत. निर्मलनेत्रा, सर्वदर्शिनी इंदुमती! जनूभाऊंनी खोपटीकडे पाहिलं. जास्वंदीचं निभावता आलं असतं, फुलं गळतात. फणसांचा हंगाम सरतो. पण ही निळाई? ती खोटी निघाली, तर बाकीचं तरी ती खरं का मानेल? 'तू अजून तशीच दिसतेस,' हेही ते रोज सांगत होते. आणि ते तर अगदी खरं होतं.

त्यांनी निळ्या ऑइलपेंटचा डबा फोडला.

"जनूभाऊ, आधी पोपडे खरवडा!" कुंपणापलीकडून काशिनाथ ओरडला. "पॉलिश पेपर मारा, प्रायमर लावा, वाळू द्या! रंगकाम आहे हे, धुळवड नव्हे!"

"आंघोळीआधी तू कातडं सोलतोस का रे?" जनूभाऊ म्हणाले, आणि त्यांनी ब्रश बुडवला.

निळा, निळा, निळा. पोपड्यांवर निळा, शेवाळावर निळा, कोळ्याच्या जाळ्यावर निळा. एक गोगलगाय वाटेतून हलेना, तीही नीलांबरी झाली आणि माहेरी दाखवायला ऐटीत निघून गेली. तृषार्त फळ्यांनी पहिला हात गटागट पिऊन टाकला. दुसरा हात प्यायल्या, आणि मग त्या बोलू लागल्या. टर्पेंटाइनच्या त्या उग्रमधुर वासातून एक कोवळा आवाज आला. 'अहो, पुरे ना, सांडतंय!' बांगड्या वाजल्या. डबा कलंडला. काळ्या मिशांचा कुणी एक तरुण मोठ्यानं हसला. जनूभाऊंनी वळून पाहिलं आणि रंगाचा ओघळ विहिरीपर्यंत गेला.

ऊन कलंडलं. फाटकाशी रिक्षा वाजली.

इंदुमती आली ती थेट विहिरीपाशी. काळा चष्मा काढून पाहू लागली. ओल्या रंगाच्या ओझ्यानं पोपडे सुटून लोंबत होते, आणि प्रत्येक पोपड्यामागून करडं, म्हातारं लाकूड डोकावत होतं. ब्रश पाठीमागं लपवून जनूभाऊ उभे होते. लेंग्यावर निळं ठिबकत होतं.

तिनं दारावर तळवा टेकवला. तळवा निळा झाला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "रोज झारी काढायला मीच येत होते ना इथं? पोपडे बोचायचे हाताला."

आयुष्यात प्रथमच जनूभाऊंना थाप सुचेना.

"मग... बोलली का नाहीस?"

तिनं विचारात पडल्यासारखा तो निळा हात हनुवटीला लावला, आणि मान वर करून ती आढ्याकडे पाहू लागली. रिकाम्या कौलांवर फक्त ऊन बसलं होतं.

"उडाला वाटतं?"

"आत्ताच," जनूभाऊ चाचरत म्हणाले. "रिक्षाच्या आवाजानं."

दुसऱ्या हाताची सावली डोळ्यांवर धरून, त्या धुतलेल्या, नव्या, सर्वदर्शी डोळ्यांनी इंदुमतीनं पोफळींपलीकडे, खाडीपलीकडे, दूर पाहिलं.

"तो बघा, चाललाय. पिसारा अजून दिसतोय."

जनूभाऊंनी तिकडे पाहिलंच नाही. ते तिच्याकडे पाहत होते. हनुवटीवर निळा ठिपका, तेव्हासारखाच, तिथंच. आणि खाडीवर ऊन विझत होतं, पोफळी गप्प होत होत्या, आणि आभाळभर पसरत होता, कधीच न आलेल्या मोराचा, निळा, निळा पिसारा.