रेषा नसलेला अंगठा

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे, पितळी कड्याचे, लाकडी मुठीचे. शेषराव गुरुजींनी ज्या पत्राला महिनाभर उत्तर दिले नाही, ते पत्र त्यांनी माझ्यातूनच वाचले होते. म्हणून ही गोष्ट मला सांगावी लागते आहे. ती नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही.

माझा जन्म अकोल्यातील एका चष्म्याच्या दुकानात झाला. तिथल्या कारागिराने काच घासून मला आकार दिला आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या गुरुजींनी मला विकत घेतले. किन्हीराजाजवळच्या एका खेड्यातील शाळेत मी तीस वर्षे काम केले. कपाशीवरची पांढरी माशी दाखवली, सोयाबीनच्या शेंगेवरची लव दाखवली. पोरांनी उन्हात धरून माझ्याकडून कागदही जाळून घेतले. मग मोबाइल आले. मुले फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा करू लागली आणि मी गुरुजींच्या पुस्तकांमागे धुळीत पडले.

निवृत्त झाल्यावरही गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायला जात. गेल्या दसऱ्यानंतर वाशिमला न्यायवैद्यक विज्ञानाची स्पर्धा जाहीर झाली. ठसे, केस, धागे, माती तपासून गुन्हा कसा घडला ते मुलांनी सांगायचे होते. गुरुजींनी मला पुसून बाहेर काढले. उत्कर्ष, पौर्णिमा आणि मंजू ही आठवीतील तीन मुले त्यांनी निवडली. मंजू म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहणाऱ्या हिरीबाईंची मुलगी.

गुरुजींची शिकवण्याची एक रीत होती. ते शाळेत खोटी चोरी करत. चोराचे नाव पाकिटात बंद करून ठेवत आणि मुलांनी तपास पूर्ण केल्यावर शनिवारी पाकीट फोडत. तोवर एक अक्षर बोलत नसत. कधी डस्टर जाई, कधी नकाशा. या वेळी त्यांनी काचेच्या कपाटातील खो-खोचा चषक आपल्याच पिशवीत घातला.

मुलांनी काचेवर पावडर टाकली. दोन खुणा उठल्या. एक होता रेषांचा स्वच्छ ठसा, दुसरा नुसताच गुळगुळीत डाग. मग त्यांनी शाळेतल्या सगळ्यांचे अंगठे घेतले. गुरुजींचा अंगठा मागायचे मात्र कोणाच्या मनातही आले नाही. गुरुजींवर कोण संशय घेणार?

हिरीबाईंचा अंगठा मंजूनेच शाईवर दाबला. कागदावर काळा गोळा उमटला.

"माह्या अंगठ्याले रेघा राह्यल्या कुठं बाप्पा," हिरीबाई हसून म्हणाल्या. "भांडे घासून घासून गेल्या. राशनच्या मशीनीतबी उमटत नाई."

त्या गेल्यावर उत्कर्ष म्हणाला, "हे पाह्य. काचेवरबी असाच डाग हाये."

"मावशी रोज काच पुसते नं," पौर्णिमा म्हणाली.

"चोराले बहाना लागतेच. अन् ते तांड्यावरची हाये."

मंजूने शाईची डबी मिटली आणि ती वर्गातून निघून गेली.

गुरुजी दाराशीच होते. "पुरावा काय सांगते ते लिहा," एवढेच ते म्हणाले. मित्रांनो, त्या क्षणी त्यांनी रीत मोडायला हवी होती. त्यांना वाटले, दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

पण गोष्ट दोन दिवस थांबली नाही. चोरी सरावाची आहे, हे गावाला कोण सांगणार? दुसऱ्या सकाळी गावभर झाले की तांड्यावरच्या बाईने चषक नेला. हिरीबाईंना कामावर येऊ नका असा निरोप गेला. गुरुजी चषक घेऊन मुख्याध्यापकांकडे धावले. "गुरुजी, स्पर्धा चार दिवसांवर आली," मुख्याध्यापक म्हणाले. "आता हे उघड केलं तर शाळेची नाचक्की होईल. नंतर पाहू." गुरुजी आयुष्यात कोणाशी वाद घालू शकले नव्हते. ते "बरं" म्हणाले आणि शनिवारी पाकीट फोडलेच नाही.

हिरीबाई आणि त्यांचा नवरा मदनसिंग दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि मंजू शाळेसाठी आजीजवळ राही. या वर्षी दिवाळीची वाट न पाहता ते त्या रविवारीच निघाले आणि मंजूलाही बरोबर घेऊन गेले.

दोघांच्याच चमूने दुसरा क्रमांक मिळवला. गुरुजींच्या गळ्यात हार पडला. माझाही फोटो निघाला. तो आनंद मला अजून टोचतो.

मग मंजूचे पत्र आले. "गुरुजी, पाकीट उघडले का? त्यात आईचे नाव आहे का, एवढेच कळवा. नसेल तर शाळेत सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मग मी आजीकडे येईन. इथे उसाच्या फडावर शाळा नाही."

गुरुजी ते पत्र रोज काढत, मला त्यावर धरत आणि पुन्हा पुस्तकात ठेवत. कोरा कागद समोर असे. लिहीत मात्र काहीच नसत.

एका दुपारी पौर्णिमा घरी आली. तिने त्यांच्यापुढे दोन ठसे ठेवले. "गुरुजी, तो रेघावाला ठसा कोणाचाच नव्हता, म्हनून मी तुमच्या चहाच्या कपावरचा घेतला. जुळला."

गुरुजींनी मला हातात घेतले. पाहण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी दोन्ही ठसे पाहिले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

"मंग तुमी सांगतलं काहून नाई?"

"भेलो, पोरी."

"मंजूची आई नाई भेली काय?"

दुसऱ्या दिवशी परिपाठाला गुरुजींनी सर्वांसमोर पाकीट फोडून स्वतःचे नाव वाचले. आवाज मागच्या रांगेत पोचला नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा वाचले. उत्कर्ष मान खाली घालून उभा होता. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला.

मित्रांनो, मला धुळीत टाकू नका. पण माझ्यातून पाहताना घाईही करू नका. मी लहान वस्तू मोठी दाखवते. पाहणाऱ्याच्या मनात जे आधीच बसलेले असते, ते त्याला त्याहून मोठे दिसते. आणि खरे ठाऊक असेल, तर ते शनिवारपर्यंत राखून ठेवू नका.

त्या दिवशी गुरुजींनी चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिले, "मंजू, पाकिटात माझे नाव होते. आज सगळ्यांसमोर वाचले. आईची माफी पत्रातून मागत नाही, फडावर येऊन मागतो. तू परत ये. उशीर माझा आहे, तुझा होऊ नये."

मग बसने ते मालेगावला गेले. मी त्यांच्या खिशात होते. पोस्टाच्या पेटीत त्यांनी पत्राचे पाकीट सोडले आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तसाच फटीत ठेवला.