मळखाऊ रंगाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि रंगमंचाचाही नव्हे. माझ्यामागे ना उजेड आहे, ना नाटक. एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, दोन खाटांच्या मध्ये मी टांगलेला आहे. माझ्या अलीकडे एक माणूस श्वासासाठी झगडत असतो, पलीकडे दुसरा. एकाची वेदना दुसऱ्याला दिसू नये, एवढेच माझे काम. ऐकू मात्र सारे येते. कापडाला कान नसतात असे धरून माणसे माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात, रडतात, आणि डोळे पुसायला हाताशी काही नसले तर माझाच काठ ओढून घेतात.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे एक शिंपीकाका बसत. त्यांच्या मशीनचे चाक फिरू लागले की समोरच्या भिंतीवर त्याची सावलीही फिरे. रुग्णालयाचे भांडारप्रमुख पडद्यांचे कापड ठरवायला आले, तो दिवस मला अजून आठवतो.

“पांढरं नको हो,” ते म्हणाले. “सारखं धुवायला माणसं कुठून आणू?”

काकांनी खालच्या फळीवरून माझा तागा उतरवला. ओल्या मातीसारखा, राखेसारखा, कुठलाच एक रंग नसलेला तो रंग. “मग हे घ्या साहेब. मळखाऊ आहे. वर्षभर लोंबलं तरी नव्यासारखं दिसेल. मळ दिसला तर माझं नाव बदला.”

साहेब खूश झाले. काकांनी मला बेतले, दुमडले, शिवले. प्रत्येक दुमडीच्या टोकाला ते उलट फिरून एक तिरकी टाच मारीत. ती त्यांची सही होती. “ही टाच आहे तोवर शिवण उसवत नाही,” असे ते शेजारी बसलेल्या आपल्या लहान मुलीला सांगत. मुलगी गुडघ्यावर हनुवटी टेकवून ती टाच बघत बसे.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. तपासणीला येणारे अधिकारी मला बघून मान डोलवीत. “पडदे छान ठेवलेत,” म्हणत. विभागाचा नियम सोपा होता: डाग दिसला किंवा कापड फाटले, तरच पडदा उतरवायचा. माझ्यावर डाग कधीच दिसला नाही. फाटायची तर सोयच नव्हती. शिलाई काकांची होती.

पण मित्रांनो, न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. खोकल्याचे तुषार माझ्यावर पडले. जखमेचे पाणी उडाले. नळ्या बदलताना कशाकशाचे थेंब सांडले. ते सारे माझ्या रंगात उतरले आणि तिथेच वाळले. माझ्या कडेवर, माणसाच्या खांद्याच्या उंचीला, एक जागा आहे. मला सारताना प्रत्येक हात तिथेच पडतो. जुन्या जिन्याचा कठडा गुळगुळीत व्हावा, तसे तिथले कापड मऊ झाले आहे.

मग एक दिवस पलीकडच्या खाटेवर मालगाडीचा एक चालक आला. त्याच्या पायाची जखम बरी होता होत नव्हती. दुसऱ्या रुग्णालयातून तो आला होता आणि त्याच्याबरोबर असे जंतू आले होते, जे औषधांना जुमानत नव्हते. जंतू असे एका दिवसात होत नाहीत. कुणी बरे वाटताच गोळ्या अर्ध्यावर सोडतो, कुणी साध्या सर्दीला जालीम औषध मागतो, आणि प्रत्येक वेळी जे जंतू तगतात ते आपले शहाणपण पुढच्यांना देऊन जातात. चालकाच्या जखमेला लावलेले हात माझ्या त्या मऊ जागेवर पडले. पुढे तो चालक गेला. जंतू राहिले. माझ्या धाग्यांत ते नुसते बसून होते, न वाढता, न मरता. पाहुण्याने दारात थांबून आतली चाहूल घ्यावी तसे.

आणि अलीकडच्या खाटेवर शिंपीकाका आले.

त्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली होती. ते इतके वाळले होते की मी त्यांना ओळखलेच नाही. त्यांनीच मला ओळखले. शुद्धीवर येताच त्यांनी सवयीने हात लांबवला, माझा काठ चिमटीत धरला आणि बोटे खाली सरकवीत नेली. टाचेपाशी येऊन ती थांबली.

“अगं,” ते आपल्या मुलीला म्हणाले, “हा तर माझाच पडदा!”

ती गुडघ्यावर हनुवटी टेकवणारी मुलगी आता मोठी झाली होती. आई तिला फारशी आठवतही नव्हती. घरी आणि दुकानात ती आणि बाबा, दोघेच. “हो बाबा,” ती हसून म्हणाली. “जगातले सगळे पडदे तुमचेच.”

“टाच बघ. दुसऱ्या कुणाच्या बापाला जमेल का? आणि रंग मीच सुचवला होता. बघ, अजून नव्यासारखा!”

ते बरे होत होते. तरुण डॉक्टर पोटावरची जखम बघायला आला, तेव्हा काकांनी मान उचलून पाहिले. “डॉक्टर, रागावू नका, पण तुमची शिलाई जरा वाकडी गेलीय.”

“काका, कापड सारखं हलत होतं ना तुमचं!”

सगळे हसले. लवकरच साध्या विभागात हलवू, असे डॉक्टर म्हणाले. मुलीने दुकानाचे दार रंगवायला काढले.

मित्रांनो, इथली एक रीत तुम्हाला सांगतो. हात धुण्याचे बेसिन भिंतीपाशी आहे. बेसिन आणि खाट यांच्यामध्ये मी आहे. येथील माणसे हात फार मनापासून धुतात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटे, काही सोडत नाहीत. हात पुसतात. मग त्याच निर्मळ हाताने मला सारतात आणि रोग्याला हात लावतात. त्यात कुणाचा आळस नाही. पडद्याला शिवल्याने हात मळतो हे कुणाच्या मनातच येत नाही, कारण पडदा स्वच्छ दिसतो.

काकांना ताप चढला. जखम लाल झाली, मग पू धरू लागली, मग छातीत कफ दाटला. घशात नळी घालावी लागली आणि त्यांचे बोलणे थांबले. एक औषध दिले, ते चालले नाही. दुसरे दिले, तेही नाही. विभागाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी नळाचे पाणी तपासले, यंत्रे तपासली, सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले. नमुने घेतले ते बेसिनपाशी, हात धुऊन झाल्या झाल्या. सगळे हात निर्मळ निघाले.

“मग येतंय कुठून हे?” त्या वैतागून म्हणाल्या. हे म्हणताना त्यांची मूठ माझ्या मऊ जागेवर आवळलेली होती.

मी किती ओरडलो असेन! पण कापडाचे ओरडणे म्हणजे वाऱ्याने हलणे, आणि त्या खोलीत वारा नव्हता.

भेटीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मुलीला बाजूला घेतले. “ताई, आता एकच औषध उरलंय. ते मूत्रपिंडांना जड जातं.”

“मग द्या ना.”

“देतोय. पण याच्यापुढे आमच्याकडे काही नाही, हे तुम्हाला माहीत असावं.”

मुलीने मान हलवली. बेसिनपाशी जाऊन ती पुष्कळ वेळ हात धूत राहिली. मग तिने मला सारले आणि बाबांचे कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपले.

काका दिवसभर पडून बघत असत. ज्याचा जन्म हातांकडे बघण्यात गेला, तो आणखी काय बघणार? हात नळाखाली जात, माझ्यावर येत, मग त्यांच्यावर येत. एका दुपारी त्यांनी माझा काठ पकडला. टाच शोधून ते नखाने तिचा दोरा उचलू लागले. त्यांना काही उमगले होते, की तापाच्या भरात बोटे नुसती चाळवत होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की ते माझ्याकडे बघत होते. टाच सुटली. दुमड उसवत गेली आणि माझा काठ खाली लोंबू लागला.

मित्रांनो, त्या क्षणाइतका मी कधीच आनंदलो नव्हतो. मी फाटलो होतो! नियमाप्रमाणे आता मला उतरवावे लागणार होते. मी कढत पाण्यात जाणार होतो.

सफाईच्या मावशी स्टूल घेऊन आल्या. त्यांनी पहिली आकडी काढली, दुसरी काढली. तेवढ्यात मुलगी आत आली.

“बाबा! स्वतःचीच शिलाई उसवलीत?” तिने कपाळावर हात मारला. “राहू द्या मावशी, उतरवू नका. मी आत्ता टाका घालते.”

“अहो ताई, दुसरा लावू की.”

“तो येईपर्यंत यांना आडोसा काय? यांचं अंग पुसायचं असतं, सगळे बघतात. फार लाजतात हो ते.”

सिस्टर म्हणाल्या, “घाला घाला. लॉन्ड्रीत गेला की पडदा आठवडाभर तोंड दाखवत नाही.”

मुलीच्या पिशवीच्या अस्तराला दोरा ओवलेली सुई नेहमीच टोचलेली असे. ती स्टुलावर बसली. काकांनी मान हलवली. या बाजूला, त्या बाजूला, नको, नको. नळीपाशी त्यांचा श्वास अडखळला आणि यंत्र वाजू लागले.

“बघा सिस्टर,” ती ओल्या डोळ्यांनी हसली, “अजून माझ्या टाक्यात खोट काढतायत. सवय जायची नाही यांची.”

तिने दुमड घातली, शिवण पुरी केली, आणि शेवटी उलट फिरून तिरकी टाच मारली. मग बाबांचा हात उचलून त्यांची बोटे तिच्यावर फिरवली. “जमली का तुमच्यासारखी?”

जमली होती. तंतोतंत जमली होती. काकांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टरांनी तिचे कौतुक केले. मावशींनी आकड्या पुन्हा अडकवल्या. काका नळी ओढतील म्हणून त्यांचे हात मऊ पट्टीने खाटेला बांधले. शेवटचे औषध थेंबाथेंबाने उतरत राहिले. आधी मूत्रपिंडे थांबली, मग ते सारे थांबले, ज्याच्यासाठी यंत्रे वाजत होती. मुलगी आली तेव्हा तिने मला ओढून घेतले आणि माझ्या आडोशाला बाबांचे हात सोडवले.

मग खाट धुतली. गादी, कठडे, भिंत, फरशी, सारे उग्र वासाच्या पाण्याने पुसून काढले. पुसताना मावशींनी मला हाताने बाजूला धरले होते. “पडदा चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आम्ही तुमच्यासाठी झिजलो आहोत. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. मी स्वच्छ दिसतो म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. मला उतरवा, उकळा. ते होत नसेल तर फाडून टाका, आणि कुणी प्रेमाने शिवायला बसले तर त्याच्या हातातली सुई काढून घ्या. निदान एवढे तरी करा: मला सारल्यावर, कुणाच्या कपाळावर हात ठेवण्याआधी, पुन्हा एकदा नळापाशी जा.

त्या खाटेवर आज एक शाळकरी मुलगी आली आहे. तुमच्याएवढीच असेल. पोटावर ताजे टाके आहेत आणि ती पाणी मागते आहे.

“आले गं बाळा,” बेसिनपाशी उभ्या सिस्टर म्हणतात. त्या बोटांच्या बेचक्या धुतात, नखांच्या कडा धुतात, मनगटे धुतात. नळ बंद होतो. हात पुसून होतात. आणि तो निर्मळ हात, थेट त्या मऊ जागेकडे, माझ्याकडे येतो आहे.