डोकेदुखीचा हंगाम

दिवस आखडू लागले की शिंपीदादांची डोकेदुखी ठरल्या वेळी हजर व्हायची. क्लस्टर डोकेदुखी म्हणजे नुसता छळ. डाव्या डोळ्यात कुणी सळई खुपसावी तशी कळ यायची, डोळ्याला धार लागायची आणि आडवं पडवत म्हणून नसे. मग थोरली बहीण महिनाभर मुक्कामाला यायची आणि कपाटापासून खिडकीपर्यंत त्यांच्यासोबत येरझाऱ्या घालत भावकीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची. एरवी वर्षभर त्या घरात बोलायचं ते शिवणयंत्रच.

डॉक्टर म्हणाले होते, "काहींना ही ऋतू धरून येते, पण एखादं वर्ष चुकतंही."

यंदा चुकलं. गिऱ्हाइकांचे गरम कोट शिवून झाले, तरी डोकं आपलं ठणठणीत. दादा त्यावरच चिडले. नको तेव्हा मेली कशी वेळेवर यायची!

बहिणीचा फोन आला. "काय रे, सुरू झालं का?"

"झालं ना," दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दाराशी पिशवी टेकवून ताई आत आली. दादा डोळा दाबून फेऱ्या मारत होते. तिने क्षणभर पाहिलं. मग त्यांचा हात उजव्या डोळ्यावरून उचलून डाव्यावर ठेवला आणि म्हणाली, "चल, खिडकीपर्यंत."